चांदी, सिमेंट आणि रंगाचा हिशेब

‘दाढेत चांदी भरली’ आणि ‘पुढच्या दातात सिमेंट भरलं’ ही आपल्या घरांतली ओळखीची वाक्ये. दात भरण्याच्या इतिहासातले दोन हट्ट त्यांत दिसतात : दाढेला टिकाऊपणा हवा, पुढच्या दाताला रंग.

चांदी म्हणजे धातूच्या भुकटीत पारा कालवून केलेले मिश्रण. १८२६च्या सुमारास पॅरिसमध्ये ऑग्युस्त ताव्हो याने नाण्यांच्या चांदीत पारा मिसळून ते वापरले. १८३३मध्ये क्रॉकूर बंधूंनी ते न्यूयॉर्कला नेले आणि वादंग माजले. १८४०मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकी दंतवैद्यांच्या संघटनेने ते न वापरण्याची प्रतिज्ञा सभासदांकडून घेतली. या भांडणाने खिळखिळी झालेली संघटना १८५६मध्ये मोडली, चांदी टिकली. ती काळवंडे, पण दाढेत कोण डोकावतो?

पुढच्या दातांना ही सवलत नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी सिलिकेट सिमेंट रुळले. ते दातासारखे दिसे, पण लाळेत हळूहळू झिजे आणि डाग धरी. मग अ‍ॅक्रिलिक आले. ते घट्ट होताना आकसे, कडेला फट पडे आणि फटीत डाग शिरत. १९६२मध्ये अमेरिकेत राफेल बोवेन यांना बिस-जीएमए या कृत्रिम राळेवर आधारलेल्या मिश्रणाचे पेटंट मिळाले. राळेत सिलिकाची बारीक पूड घातलेले हे ‘कंपोझिट’ आज अनेकांच्या दातांत असते.

पण राळ थोडे पाणी शोषते आणि पाण्यासोबत रंगही. चहाचा डाग मुख्यतः पृष्ठभागावर बसतो, म्हणून घासून-पुसून बराचसा निघतो. कॉफीचे पिवळे रंगकण आतही शिरतात. तांबड्या वाइनचा डागही गडद. भरलेल्या जागेला नीट झिलई दिली नसेल, तर तिथे डाग लवकर धरतो.

१९८९मध्ये हेवूड आणि हेमन यांनी रात्री दातांवर साचा चढवून दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडने दात उजळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यातून निघणारे हायड्रोजन पेरॉक्साइड दाताच्या कवचातून आत झिरपते आणि तिथल्या रंगद्रव्यांचे रेणू फोडते. दात उजळतो. कंपोझिटवरचे चहा-कॉफीचे डागही काहीसे जातात. पण त्याचा मूळ रंग कारखान्यात मिसळलेल्या खनिज रंगांचा, त्यावर पेरॉक्साइडचे फारसे चालत नाही. परिणामी काल दातात बेमालूम मिसळलेले ठिगळ आज उठून दिसते. ते बिघडलेले नसते, भोवतालचा दात बदललेला असतो.

म्हणून दंतवैद्य आधी दात उजळतात, साधारण दोन आठवडे थांबतात आणि मग भरतात. तेवढ्या अवधीत नवा रंग स्थिरावतो, आणि दातात उरलेला ऑक्सिजन निघून जाऊन कंपोझिट नीट चिकटते.

हा क्रम चुकला, की शाबूत कंपोझिट केवळ रंगापायी कोरून काढावे लागते. कंपोझिट आणि दात यांची सीमा डोळ्यांना नीट दिसत नाही. त्यामुळे कोरताना थोडा निरोगी दातही जातो आणि खड्डा दर वेळी मोठा होतो. एकेकाळी दात वाचावा म्हणून लोकांनी काळी चांदी पत्करली. आज पांढऱ्या रंगासाठी आपण दाताचाच थोडाथोडा भाग देऊ लागलो आहोत. आरशासमोर हसण्यापूर्वी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.