लोकप्रतिनिधीस परत बोलावणे : आळंद आणि सीमाभाग

निवडून दिलेला पदाधिकारी गैरवर्तन करू लागला, तर मुदत संपण्याआधीच मतदारांनी त्याला पदावरून दूर करण्याचा अधिकार. कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद तालुक्यात हा अधिकार मतदाराच्या हाती थेट नाही. कर्नाटकाच्या कायद्यात त्याची जागा ग्रामपंचायत सदस्यांच्या अविश्वास ठरावाने आणि शासकीय चौकशीने घेतली आहे. तालुक्याला लागून असलेल्या उमरगा आणि अक्कलकोट या महाराष्ट्रातील तालुक्यांत स्थिती निराळी आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, तेव्हा आळंद म्हैसूर राज्यात आणि उमरगा मुंबई राज्यात गेले. त्याआधी एकाच राज्यात असलेल्या आळंद-उमरग्याच्या गावांत आज सरपंचाला जाब विचारण्याच्या रीती वेगळ्या आहेत.

आळंदकडे पंचायतीचा कारभार कर्नाटक ग्रामस्वराज व पंचायत राज अधिनियम, १९९३ प्रमाणे चालतो. मतदार थेट सदस्य निवडतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष हे सदस्य आपल्यातून निवडतात, म्हणून अध्यक्षाला खाली खेचण्याचा अधिकारही सदस्यांनाच आहे. कलम ४९ नुसार निम्म्याहून कमी नसलेल्या सदस्यांच्या सहीची नोटीस लागते, सहायक आयुक्त खास सभा बोलावतात आणि एकूण सदस्यसंख्येच्या दोन-तृतीयांश मतांनी ठराव मंजूर झाला की पद रिकामे होते. याशिवाय कर्तव्यात गैरवर्तन सिद्ध झाल्यास पदाधिकाऱ्याला, बाजू मांडण्याची संधी देऊन, दूर करण्याचा अधिकार शासनाकडे आहे. आळंद शहराच्या पुरसभेतही नगराध्यक्षाविरुद्ध असा ठराव नगरसेवकच आणू शकतात. शहरातल्या मतदाराला त्यात मत नाही.

या व्यवस्थेचा कच्चा दुवा गावोगाव ठाऊक आहे. अध्यक्षपद अर्ध्या-अर्ध्या मुदतीसाठी वाटून घेण्याचा तोंडी करार मोडला, की अविश्वासाची नोटीस निघते. मतदानापर्यंत सदस्यांना सहलीवर नेले जाते. खोट्या बिलांचा किंवा रोजगार हमीच्या बोगस हजेरीपत्रकांचा मुद्दा मात्र नोटिशीत नावापुरता असतो, कधी नसतोही. उलट अध्यक्षाने खरोखरच पैसे खाल्ले आणि त्यात सदस्यांचाही वाटा असला, तर दोन-तृतीयांश हात कधीच वर होत नाहीत. अशा वेळी गावकऱ्यांपुढे उरते ती दरवर्षी पावसाळ्याच्या उत्तरार्धात होणारी जमाबंदी, म्हणजे पंचायतीच्या हिशेबाची जाहीर तपासणी, रोजगार हमीचे सामाजिक लेखापरीक्षण आणि लोकायुक्तांकडे तक्रार. जमाबंदीत कागद गावासमोर ठेवावे लागतात. गैरवर्तनाचा पुरावा मिळण्याची ही सर्वांत जवळची जागा आहे आणि तिच्याकडे जेवढे लक्ष जायला हवे तेवढे जात नाही.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये सरपंचाची थेट निवडणूक आणली आणि तिच्यासोबत अविश्वासाची पद्धतही बदलली. थेट निवडलेल्या सरपंचाविरुद्ध आधी सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने ठराव व्हावा लागतो. मग जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली विशेष ग्रामसभा भरते आणि गावकरी गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब करतात किंवा तो फेटाळतात. निवडीनंतरची पहिली दोन वर्षे ठराव आणता येत नाही. २०२० मध्ये थेट निवडणूक रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आली. महिलांसाठी राखीव पदाला तीन-चतुर्थांशाचे संरक्षण त्याआधीपासून होते. ते आवश्यकच होते, कारण नव्याने खुर्चीवर बसलेल्या बाईला पहिल्याच वर्षी घरी पाठवण्यासाठी अविश्वासाचा वापर होत असे. गैरवर्तनाबद्दल सरपंचाला दूर करण्याचा स्वतंत्र अधिकार महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे विभागीय आयुक्तांना आहे.

म्हणजे उमरग्याच्या मतदाराला शेवटचा शब्द मिळाला, पहिला नाही. सदस्यांनी सुरुवात केली नाही तर ग्रामसभेची पाळीच येत नाही. आळंदच्या मतदाराला दोन्ही नाहीत.

मतदारांपर्यंत निर्णय नेण्याचा भारतातील ठळक प्रयोग मध्य प्रदेशातला. तेथेही सुरुवात तीन-चतुर्थांश नगरसेवकांनीच करायची असते, पण निकाल शहरभरच्या मतदानाने लागतो. मतपत्रिकेवर रिकामी खुर्ची आणि भरलेली खुर्ची अशी दोन चिन्हे असल्याने लोक या निवडणुकीला ‘खाली कुर्सी-भरी कुर्सी’ म्हणू लागले. २००१ मध्ये अनुपपूरच्या नगराध्यक्षांना अशा मतदानाने पद सोडावे लागले. छत्तीसगडमध्ये २००८ मध्ये तीन नगरपंचायतींचे अध्यक्ष याच मार्गाने गेले. हरियाणाने २०२० मध्ये त्यापुढे जाऊन सरपंचाविरुद्ध मागणी करण्याचा हक्क थेट ग्रामस्थांना दिला. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहराने १९०३ मध्ये सनदेतच ही तरतूद केली आणि पुढच्याच वर्षी, महाग निविदेच्या बाजूने मत देणाऱ्या एका नगरसेवकाला मतदारांनी घरी पाठवले.

कायद्याचा एक पेच सर्वोच्च न्यायालयात सुटला आहे. थेट जनतेने निवडलेल्या नगराध्यक्षाला नगरसेवकांनी कसे काढावे, असा प्रश्न रायबरेलीच्या प्रकरणात उभा राहिला होता. मोहनलाल त्रिपाठी खटल्यात १९९२ मध्ये न्यायालयाने म्हटले, की नगरसेवकही त्याच मतदारांचे प्रतिनिधी आहेत, आणि पदावरून काढण्याची रीत हा विधिमंडळाने ठरवायचा विषय आहे. याचा अर्थ कर्नाटक विधिमंडळाने ठरवले, तर आळंदच्या गावकऱ्यालाही हा हक्क देता येईल. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात हीच मागणी आमदारांबाबत केली होती. त्याच वर्षी लोकसभेत सी. के. चंद्रप्पन यांनी मांडलेले घटनादुरुस्ती विधेयक संमत झाले नाही.

असा हक्क मागणाऱ्यांनी आळंदचाच एक अनुभव जमेस धरायला हवा. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी या मतदारसंघात मतदारांची नावे वगळण्यासाठी ६०१८ ऑनलाइन अर्ज आले. पडताळणीत त्यांतले फक्त २४ खरे निघाले. बाकी अर्ज फेटाळले गेले आणि पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. परत बोलावण्याच्या मागणीपत्रावर सह्या गोळा करायच्या, तर प्रत्येक सही त्या-त्या मतदाराला समोर बसवून तपासणारी यंत्रणा कायद्यातच असावी लागेल. तालुक्यात तहसीलदार आहेत, बूथपातळीवरचे अधिकारी आहेत, मतदार यादीही आहे.