माजी सैनिक : शब्द माजी, माणूस हयात

१४ जानेवारी म्हटले की महाराष्ट्रात तीळगूळ, पतंग आणि हळदीकुंकू आठवते. इतिहास वाचणाऱ्याला पानिपत आठवते. पण याच तारखेला २०१६ पासून देशात ‘सशस्त्र सेना माजी सैनिक दिन’ पाळला जातो, हे फार थोड्यांना माहीत असते. आमच्या मालेगावात तर नाहीच. (हे मालेगाव वाशीम जिल्ह्यातले, मालेगाव जहांगीर, नाशिककडचे नव्हे. हा खुलासा आम्हा लोकांना जन्मभर करावा लागतो.)

ही तारीख कुठून आली, ते आधी पाहू. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल के. एम. करिअप्पा यांनी भारतीय लष्कराची सूत्रे हाती घेतली. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. म्हणून १५ जानेवारी हा सेना दिन. चार वर्षांनी, १४ जानेवारी १९५३ रोजी ते सेवानिवृत्त झाले. पुढे १९८६ मध्ये त्यांना फील्ड मार्शल हा सन्मान मिळाला. त्यांच्या निवृत्तीची तारीख माजी सैनिकांच्या नावे केली गेली. आपल्याकडे सैन्याशी जोडलेले दिवस बरेच आहेत. १६ डिसेंबर १९७१ च्या विजयाचा, २६ जुलै कारगिलच्या विजयाचा, ७ डिसेंबर ध्वजनिधीचा. विजयाच्या दिवशी आपण विजय आणि शहीद आठवतो, ध्वजदिनी डबा फिरवतो. जो लढला आणि जिवंत घरी आला, निव्वळ त्याच्यासाठी असलेला दिवस म्हणजे १४ जानेवारी.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे लक्ष जाते. ‘माजी’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. उर्दू व्याकरणात तीन काळ आहेत : माज़ी, हाल आणि मुस्तक़बिल. माज़ी म्हणजे भूतकाळ, होऊन गेलेले. ‘शिपाई’, ‘जवान’, ‘फौज’, ‘हवालदार’, ‘सुभेदार’ हे शब्दही फारसी-अरबीतूनच मराठीत आले आणि इथलेच झाले. याच घराण्यातला आणखी एक शब्द म्हणजे ‘हयात’. निवृत्तिवेतन घेणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे ज्याला आपण ‘माजी’ म्हणतो, त्यालाच दरवर्षी ‘मी अजून हयात आहे’ हे सिद्ध करावे लागते. माजी सैनिकाची सगळी कहाणी या दोन शब्दांत बसते.

पानिपतहून परतलेला माणूस

पानिपतची तारीखही १४ जानेवारीच, सन १७६१. हा योगायोग आहे. पण विचार करायला लावणारा आहे. पानिपत म्हटले की आपल्याला पडलेले आठवतात. सदाशिवरावभाऊ, विश्वासराव. मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ सांभाळणारा इब्राहीमखान गारदी आठवतो. समोर अब्दाली होता, धर्म एकच होता, तरी गारदी ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या बाजूने शेवटपर्यंत लढला. तो पकडला गेला आणि मारला गेला.

पण त्या रणातून परतलेल्यांचे काय? त्यात महादजी शिंदे होते. पायाला अशी जखम झाली की ते जन्मभर लंगडत चालले. परंपरा अशी सांगते की राणेखान नावाच्या एका भिस्त्याने, म्हणजे पखालीने पाणी वाहणाऱ्या माणसाने, जखमी महादजींना उचलले, बैलावर घातले आणि सुखरूप बाहेर काढले. महादजींनी त्याला भाऊ मानले. पुढे हा राणेखान ‘भाई’ त्यांच्या फौजेतला मोठा सरदार झाला.

त्याच लंगड्या पायाच्या महादजींनी १७७१ मध्ये दिल्लीवर पुन्हा मराठ्यांचा अंमल बसवण्यात पुढाकार घेतला आणि शाह आलम बादशहाला तख्तावर आणून बसवले. पानिपतच्या दिवशी त्यांना तिथेच सोडून सगळे निघून गेले असते, तर पुढचा इतिहास वेगळा झाला असता. परतलेल्या जखमी सैनिकाला सांभाळणे हे दयेचे काम नाही, त्यात राज्याचाही फायदा असतो, हे या एका उदाहरणावरून कळते. आणि ज्याने सांभाळले त्याचे ऋण महादजींनी मानले, हे त्याहून महत्त्वाचे.

दख्खनी मुसलमान नावाची एक भरती

इंग्रजांच्या काळात सैन्यभरती जातवार होत असे. त्या कागदांत ‘दख्खनी मुसलमान’ असा एक वेगळा वर्ग असे. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जुन्या पलटणींत मराठ्यांच्या कंपन्यांबरोबर या दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या होत्या. एकाच पलटणीत शेजारी शेजारी. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर इराकमध्ये गेल्या. कूत शहरात जवळपास पाच महिने वेढ्यात अडकल्या. उपासमार झाली. २९ एप्रिल १९१६ रोजी इंग्रज सेनापती टाउनशेंडने शरणागती पत्करली आणि हजारो हिंदी शिपाई तुर्कांचे कैदी झाले. त्यातले कित्येक परत आलेच नाहीत.

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे या गावाने पहिल्या महायुद्धात आपली ४६ माणसे गमावली, त्याची नोंद गावात कोरलेली आहे. ते योग्यच आहे. पण परत आलेल्यांची नोंद कोणत्याच गावात दगडावर कोरलेली मला दिसली नाही. ते शेतीत गेले, कुणी गवंडी झाले, कुणी गिरणीत गेले. अपंग होऊन आलेल्यांना धंदा शिकवण्यासाठी १९१७ मध्ये सुरू झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही संस्था आजही पुण्याजवळ खडकीला आहे. शंभर वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचले की पदक देऊन भागत नाही, हाताला काम द्यावे लागते.

एक आघाडी, दोन माणसे

स्वातंत्र्यानंतरचे पहिले युद्ध काश्मीरचे. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचे नाव आपल्या जलशांत नेहमी घेतले जाते. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात जाण्याचा मार्ग मोकळा असताना ते इथे राहिले, फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी नौशेरा राखले आणि ३ जुलै १९४८ रोजी झंगडजवळ शहीद झाले. दिल्लीत जामिया मिल्लियाच्या परिसरात त्यांची कबर आहे. मरणोत्तर महावीर चक्र मिळाले.

त्याच नौशेऱ्याहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एप्रिल १९४८ मध्ये सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे काम करत होते. कारवारकडचे, बॉम्बे सॅपर्सचे. जखमी असतानाही गोळीबारात सुरुंग काढत आणि अडथळे फोडत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांना परमवीर चक्र मिळाले आणि ते स्वीकारायला ते जिवंत होते. पुढे १९९४ पर्यंत जगले. आता कोणत्याही शाळेत विचारून पाहा, उस्मान किंवा अब्दुल हमीद यांचे नाव निदान काही मुलांना ठाऊक असते. राणे यांचे नाव फार कमी मुले सांगतील. आपल्या लक्षात राहायचे असेल तर सैनिकाला मरावेच लागते काय, असा प्रश्न पडतो.

१९६५ चे उदाहरण आणखी बोलके आहे. १० सप्टेंबरला खेमकरण भागात असल उत्तर इथे चार ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेने पॅटन रणगाडे उडवत शहीद झाले, परमवीर ठरले. त्याच युद्धात सियालकोट आघाडीवर सांगली जिल्ह्यातला एक जवान गोळ्यांनी जायबंदी झाला. त्याचे नाव मुरलीकांत पेटकर. पाठीच्या कण्यात गोळी, कमरेखालचे शरीर निकामी. या माणसाने १९७२ मध्ये जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक विश्वविक्रमासह जिंकले. पॅरालिम्पिकमधले भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. म्हणजे ४६ वर्षांनी. जो गेला त्याचा सन्मान काही महिन्यांत झाला, जो जगला त्याला जवळपास अर्धे शतक वाट पाहावी लागली.

आपण ही नावे कशासाठी वापरतो?

इथे मला माझ्या समाजबांधवांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. कुणी आपल्या देशप्रेमावर शंका घेतली की आपण लगेच उस्मान, हमीद, कारगिलचे कॅप्टन हनीफुद्दीन यांची नावे पुढे करतो. ६ जून १९९९ रोजी तुर्तुक भागात हनीफुद्दीन शहीद झाले आणि त्यांचे पार्थिव मिळायला चाळीसहून अधिक दिवस लागले. ही नावे घेण्यात गैर काहीच नाही. पण आपण ती दाखल्यासारखी वापरतो. चारित्र्याच्या दाखल्यावर जसा शिक्का लागतो, तसा शहिदांच्या रक्ताचा शिक्का आपण मागतो. त्या बिचाऱ्यांनी आपल्या वतीने साक्ष द्यायला प्राण दिले नव्हते. ते आपले कर्तव्य करत होते.

आणि ज्या समाजाला शहिदांचा इतका अभिमान आहे, त्याने आपल्या गल्लीतल्या माजी सैनिकाची किती विचारपूस केली? कारगिलच्या वेळी जो वीस वर्षांचा होता तो आज माझ्या वयाचा आहे. त्याच्या आधीचे, १९८७ ते १९९० मध्ये श्रीलंकेत शांतिसेनेत गेलेले, आज साठीच्या आसपास किंवा पुढे आहेत. त्या मोहिमेत सुमारे बाराशे भारतीय सैनिक गेले, पण तिचा विजय दिन नाही, म्हणून तिची आठवणही नाही. ही माणसे बँकेच्या दारात पहारा करतात, शेती करतात, नातवंडांना शाळेत सोडतात. आपण त्यांना ‘फौजी’ म्हणतो आणि पुढे जातो.

त्यांच्या अडचणी मोठ्या भाषणांच्या नसतात, कागदांच्या असतात. डिस्चार्ज बुकात नाव ‘सेख’, आधारवर ‘शेख’. कागदावर बायकोचे नाव माहेरचे. नवरा वारला की कुटुंब निवृत्तिवेतनासाठी बाईची पायपीट सुरू. आता निवृत्तिवेतन ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर गेले, सत्तरीच्या माणसाला पासवर्ड कुठून आठवणार? उर्दूत ‘हाल’ म्हणजे वर्तमानकाळ. मराठीत हाल म्हणजे काय, ते सांगायला नको. समान पद, समान निवृत्तिवेतन या मागणीसाठी २०१५ मध्ये वृद्ध फौजींना दिल्लीत जंतरमंतरवर बसावे लागले, तेव्हा त्या नोव्हेंबरात आदेश निघाला.

मुस्तक़बिल

राहिला भविष्यकाळ. आमच्याकडे पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे दिसतात. भरतीची तयारी करतात. पाऊस झाला नाही, सोयाबीनला भाव नाही, मग फौज ही एक आशा उरते. त्यात मुस्लिम मुले कमी आहेत, पण आहेत. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षे सेवा, मग पंचवीस टक्क्यांपर्यंत मुले कायम, बाकीची घरी. घरी येणाऱ्याला सेवानिधीचे साधारण साडेअकरा लाखांवर रुपये मिळतात, त्यातला निम्मा त्याच्याच पगारातून कापलेला. निवृत्तिवेतन नाही. आणि नियमाप्रमाणे त्याला माजी सैनिकाचा दर्जाही नाही, माजी सैनिकांसाठीची वैद्यकीय योजना नाही.

सेना तरुण असावी, हा या योजनेमागचा विचार समजण्यासारखा आहे. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागाही जाहीर झाल्या आहेत. तरीही प्रश्न उरतोच. बर्फात उभा राहिलेला, गोळीबार पाहिलेला पोरगा पंचविशीच्या आसपास गावी येणार. सैनिक तो राहिला नाही, आणि ‘माजी सैनिक’ही नाही. मग १४ जानेवारीला त्याने कुठे बसायचे? पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होऊ लागतात. हा प्रश्न तोपर्यंत प्रत्येक तालुक्याच्या दाराशी येणार आहे.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक शाळेने, मग ती उर्दू असो की मराठी, १४ जानेवारीला गावातल्या एका माजी सैनिकाला बोलवावे. हारतुरे नकोत. त्याला खुर्ची द्यावी आणि मुलांना प्रश्न विचारू द्यावेत. संगणक येणाऱ्या तरुणांनी वर्षातून एक दिवस बसून त्यांचे हयातीचे दाखले भरून द्यावेत, नावातल्या चुका दुरुस्त करायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत सोबत जावे. मशिदीच्या, मंदिराच्या कमिट्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या फौजींची आणि त्यांच्या विधवांची यादी करावी, जात-धर्म न पाहता. चार वर्षांनी परतणाऱ्या मुलाला तर नियम काहीही म्हणोत, गावाने माजी सैनिकच म्हणावे. गावाच्या तोंडून निघणाऱ्या शब्दाला कुणाच्या मंजुरीची गरज नसते.

राणेखान भिस्त्याने पानिपतावर एवढेच केले होते. पडलेल्या माणसाला त्याने उचलले आणि घराच्या वाटेला लावले.

जय हिंद.