तिकीट आपलं, शिक्का बसऱ्याचा

सांताक्रूझला राहतो, त्यामुळे परदेश म्हटलं की डोक्यात विमानच येतं. पण आपली तिकिटं त्याआधीच बोटीने बाहेर पडली होती. एडन, मस्कत, बसरा, झांझिबार इथे भारतीय टपाल कचेऱ्या होत्या. मुंबईच्या जाल कूपर यांनी १९५० मध्ये यावरच ‘इंडिया युज्ड अब्रॉड’ हे पुस्तक काढलं.

आता अडचण बघा. पत्र उरतं ते जिथे पोचलं तिथे: कधी मुंबईत, कधी लंडनमध्ये. शिक्के जुळवायचे तर परदेशातला संग्राहक हवाच. भारतात फिलाटेलिक सोसायटी १८९७ लाच निघाली होती. १९२६ मध्ये पॅरिसला सात युरोपीय देशांच्या संघटनांनी आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापला. त्याच्या जागतिक प्रदर्शनात आजही थेट जाता येत नाही. आधी देशात ठरावीक दर्जाचं पदक, मग राष्ट्रीय संघटनेमार्फत अर्ज. (आपली फिलाटेलिक काँग्रेस १९७५ ची.)

मला हे नियम कंटाळवाणे वाटायचे. पण त्यांच्यामुळेच कॅटलॉग आणि पदकांच्या याद्या छापल्या जातात, आणि कुठला संग्रह कुणाकडे होता हे कळतं. फक्त त्यात काय आलेलं नाही तेही बघा. गिरणीतून कोकणात गेलेल्या मनीऑर्डरीची पावती कोण जपून ठेवणार होतं?