शस्त्रकक्ष, अंतर्गत
स्टेल्थ लढाऊ विमानाच्या पोटातील, दारांनी बंद होणारा शस्त्रांचा कप्पा. पंखाखाली टांगलेले क्षेपणास्त्र रडारलहरी परत फेकते, म्हणून ते पोटात घ्यावे लागते. खरी कसोटी दारांची. दार उघडताच भन्नाट वाऱ्याने कप्पा हादरतो, आणि ते उघडे असेतो विमान रडारवर अधिक ठळक दिसते. उघडझाप क्षणांत उरकावी लागते. अशी जड कामे हायड्रॉलिक अ‍ॅक्च्युएटर करतात : दाबाखालचे तेल सिलिंडरमध्ये शिरून दट्ट्या रेटते. दट्ट्याभोवतीच्या सीलवर बारीक ओरखडा पडला, तरी तेल पाझरून जोर घटतो. अमेरिकेच्या एफ-२२ या स्टेल्थ लढाऊ विमानात हवा व तेल यांच्या दाबावर चालणारा लाँचर क्षेपणास्त्राला जोराने बाहेर ढकलतो. नुसते सोडून दिल्यास ते विमानाखालच्या प्रवाहात भरकटू शकते.

भारताच्या सुमारे २५ टनी ‘अ‍ॅम्का’ या नियोजित स्टेल्थ लढाऊ विमानाचा आराखडा बंगळूरच्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीचा; मार्च २०२४ मध्ये त्यासाठी सुमारे १५,००० कोटी रुपये मंजूर झाले. पोटात सुमारे दीड टन शस्त्रे मावावीत, अशी योजना आहे. या विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाचे अ‍ॅक्च्युएटर घडवण्यासाठी मुंबईच्या गोदरेज समूहाचा एरोस्पेस विभाग २०२५ मध्ये एजन्सीशी जोडला गेला.