अन्वा येथील मढ व त्याची मूळ देवता

जालना जिल्ह्यांतील भोकरदन तालुक्यांत अन्वा नांवाचें गांव आहे. हा मुलूख १९८१ च्या मे महिन्यापूर्वीं औरंगाबाद जिल्ह्यांत मोडत असे, हें जुनीं टिपणें चाळणारांनीं ध्यानांत ठेवावें. तेथील महादेवाच्या प्राचीन देवळास लोक 'मढ' म्हणतात. संस्कृत 'मठ' शब्दाचें हें प्राकृत रूप. वस्तुतः येथें मठ नसून गाभारा व त्यापुढें कोरीव खांबांचा मंडप असें देखणें देवालय आहे. तें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालीं आहे.

त्यास हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात आम्हांस मान्य नाहीं. बांधणीवरून देऊळ इसवी सनाच्या १२ व्या शतकांतील ठरतें. हेमाद्रि तर महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरीं, म्हणजे १३ व्या शतकाच्या उत्तरार्धांत होता. नातवाच्या नांवानें आजोबास ओळखावें, तसा हा प्रकार!

खरा प्रश्न देवतेचा आहे. गाभाऱ्यांत लिंग असून पूजा शिवाची होते. बाहेरील भिंतींवरच्या स्त्रीमूर्ति मात्र हातीं शंख, चक्र, गदा व पद्म घेऊन उभ्या आहेत. केशव, नारायण, माधव इत्यादि विष्णूच्या चोवीस मूर्ति या चार आयुधांचा हातांतील क्रम पालटून ओळखतात. चार वस्तूंचे क्रम चोवीसच होतात. त्याच विष्णूच्या या शक्ति होत. यावरून मूळ देवालय विष्णूचें असावें हें मूर्तिशास्त्रज्ञांचें मत आम्हांसही पटतें. शिवालयावरही विष्णु कोरलेला आढळतो, अशी शंका कोणी घेईल. एखाददुसरी मूर्ति असती तर ती रास्त ठरती; येथें तोच परिवार पुनःपुन्हा समोर येतो.

आतां या मूर्तींचें नांव सर्वस्वीं हातांवर अवलंबून आहे. मुख झिजलें तरी नांव जात नाहीं. एक हात तुटला तरी उरलेल्या तिहींवरून तें निघतें. दोन तुटले कीं दोन नांवें संभवतात, तीन तुटले कीं सहा. अशा मूर्तीस डागडुजींत नवा हात जोडणें म्हणजे पुराव्यावांचून तिचें बारसें करणें होय. तुटलेला भाग तसाच राहूं द्यावा, आणि प्रत्येक मूर्तीच्या आयुधांचें टिपण उजव्या खालच्या हातापासून प्रदक्षिणाक्रमानें भिंतीसमोर उभें राहूनच घ्यावें. छायाचित्रांत छायेमुळें गदा व पद्माचा देठ यांची गल्लत सहज होते.