साराचा नकार

दोस्तहो, युरोपचा प्रवास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं बोट, बंदर, बॅरिस्टरचा कोट येतो. मी एका आफ्रिकन पोरीचा प्रवास सांगतो. ती घरी परतली ती मेल्यावर १८६ वर्षांनी.

ती दक्षिण आफ्रिकेतल्या खोइखोइ लोकांतली. आईबापानं ठेवलेलं नाव कागदावर कुठंच नाही. डच मालक तिला 'सार्की' म्हणत, म्हणजे चिमुकली सारा. बाई झाली तरी चिमुकलीच. माझ्या आज्याला, धोंडिबाला, म्हातारपणीसुद्धा गाव 'धोंड्या' म्हणायचं, तसंच हे. कागदोपत्री ती सारा बार्टमन.

केप टाऊनला ती सीझर्स कुटुंबाकडं राबत होती. १८१० साली हेन्ड्रिक सीझर्स आणि अलेक्झांडर डनलॉप नावाचा लष्करी डॉक्टर यांनी तिला लंडनला नेलं. पिकॅडिलीत तिला कातडीच्या रंगाचे घट्ट कपडे घालून उभी केली. नाव दिलं 'हॉटेन्टॉट व्हीनस'. हॉटेन्टॉट ही तिच्या लोकांना गोऱ्यांनी दिलेली शिवीच. लोक तिकीट काढून तिचे नितंब बघायला येत, बोटं टोचत.

इंग्रजांनी १८०७ ला गुलामांचा व्यापार बंद केला होता, पण वसाहतींतली गुलामी चालूच होती. आफ्रिकन इन्स्टिट्यूशन या संस्थेच्या झॅकरी मॅकॉले वगैरे मंडळींनी नोव्हेंबर १८१० मध्ये तिच्यासाठी कोर्टात धाव घेतली. तिला डच भाषेत प्रश्न विचारले गेले. उत्तर नोंदलं गेलं : मी राजीखुशीनं आले, कमाईत माझा वाटा आहे. करारही पुढं आला. अर्ज निकालात निघाला, खेळ चालू राहिला.

मी गिरणीकामगार. ही 'राजीखुशी' मला चांगली ठाऊक आहे. बदलीवर लागताना मीही न वाचता सही ठोकलीय. घरात चूल थंड असली की माणूस कशालाही राजी असतो.

१८१४ ला सारा पॅरिसला गेली. तिथं ती एका जनावरं खेळवणाऱ्याच्या ताब्यात होती. मार्च १८१५ मध्ये जार्दां दे प्लांत या सरकारी बागेत जॉर्ज क्यूव्हिए आणि इतर शास्त्रज्ञ तिला तपासायला जमले. त्यांना सगळं बघायचं होतं. पैसे देऊ केले. तिनं नकार दिला.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती वारली. आता विचारायचं कुणाला? क्यूव्हिएनं तिला फाडलं. मेंदू आणि गुप्तांग बरण्यांत, देहाचा प्लास्टरचा साचा, सांगाडा वेगळा. १८१७ च्या लेखात त्यानं तिला माकडाशी ताडून पाहिलं. आणि त्याच लेखात लिहून गेला की तिची स्मरणशक्ती चांगली, डच ती छान बोलायची! पॅरिसच्या संग्रहालयात ती १९७० च्या दशकापर्यंत लोकांपुढं मांडलेली होती.

वर्णभेदी राजवट १९९४ ला गेली आणि नेल्सन मंडेलांनी तिला परत मागितलं. फ्रान्सला त्यासाठी २००२ साली कायदा करावा लागला. ९ ऑगस्ट २००२ ला, दक्षिण आफ्रिकेच्या महिला दिनी, हँकी गावापाशी तिला माती मिळाली.

कोर्टाच्या कागदात तिचा होकार ठळक आहे. नकार मात्र पंडितांच्या लेखांत, त्यांच्या तक्रारीच्या सुरात, एखाद्या ओळीत सापडतो. दोस्तहो, आपल्याला इतिहास वाचायचाय तो त्या ओळीपासून.