नागपूरची सत्ता आणि रायपूरचे ताट

छत्तीसगडातील मराठी अमलाच्या इतिहासात स्वाऱ्या येतात, वसुलाचे आकडे येतात, सुभेदारांच्या नेमणुका येतात; ताट मात्र क्वचितच येते. वास्तविक राज्यकर्ता ज्या मुलखात राहतो तेथील अन्नाशी त्याचे नाते काय होते, यावरून त्याच्या राज्याविषयी पुष्कळच कळते. नोकरीनिमित्त रायपुरास येऊन पडलेल्या आम्हां मराठी मंडळींना तर हा प्रश्न थोडासा घरचाच आहे.

सन 1741 मध्ये बंगालच्या मोहिमेवर निघालेल्या भास्करपंतांनी वाटेत रतनपूर घेतले आणि हैहयवंशी राजांची सत्ता संपली. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. तेथील रामटेकडीवरचे राममंदिर त्यांचेच. दसऱ्यास सोने लुटण्याची चाल आणि मोडी लिपी त्यांच्या काळात इकडे रुजली, असे सांगतात. 1787 मध्ये ते वारले, आणि मुलूख ज्यांच्याकडे आला त्या व्यंकोजी भोसल्यांनी नागपूर सोडले नाही; सुभेदारांकरवी राज्य चालविले. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने जुन्या गडांची व्यवस्था मोडून परगणे पाडले. परगण्यागणिक कमाविसदार, फडणवीस आणि बरारपांडे बसले. 1818 नंतर इंग्रज अधीक्षक आले. त्यांपैकी एग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले. 1830 मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांच्या हाती आला आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. पण नागपूर काही सुटले नाही. 1861 मध्ये मध्यप्रांताची राजधानी तेथेच झाली, आणि 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत रायपूरच्या कचेरीतील कागद नागपूरच्याच वाटेने जात राहिले. म्हणजे सुमारे दोनशे वर्षे येथला हुकूम नागपूरचा!

या दोनशे वर्षांत येथून गेले काय, तर मुख्यतः धान्य. वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य घालून बाहेर नेत आणि परतताना ओरिसाच्या किनाऱ्याचे मीठ आणीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे आली आणि तांड्यांचे काम आगगाडीने उचलले. पिकविणाऱ्याच्या घरी मात्र चांगला तांदूळ सणावारीच शिजे. भाताच्या उभ्या पिकात लाख विखरून टाकायची आणि भात कापल्यावर शिल्लक ओलीवर ती वाढू द्यायची, ही इकडची जुनी रीत. हिलाच येथे तिवरा म्हणतात आणि पूर्व विदर्भात लाखोळी. दुष्काळात महिनोन्‌महिने केवळ लाखेवर दिवस काढणाऱ्यांचे पाय लुळे पडत. वसुलाच्या कागदात तांदूळ असतो, लाख नसते. हा भेद आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

येथल्या ताटाकडे पाहावयाचे ते या पार्श्वभूमीवर. रात्रीचा भात पाण्यात बुडवून ठेवावयाचा आणि सकाळी मीठ, कांदा, हिरवी मिरची किंवा एखादी चटणी घेऊन पाण्यासह खावयाचा, ही बासी. ताजाच भात पाण्यात बुडविला तर तो बोरे. उन्हात राबणाऱ्याला थंडावा देणारे आणि सकाळी जळण न मागणारे हे अन्न आहे. आमच्यातील पुष्कळांना 'बासी' म्हणताच शिळे आठवते आणि तेथेच ते नाक मुरडतात. कोकणातल्या आपल्या आजोबांनी आटवल किंवा पेज पिऊनच नांगर धरला, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. 2022 च्या 1 मे रोजी, कामगार दिनी, राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी लोकांना बोरे-बासी खाण्याचे आवाहन केले, आणि मोठमोठे अधिकारी वाडगे पुढे घेऊन छायाचित्रास बसले. एका दिवसाचा तो सोहळा असेल. पण ज्या अन्नाची लाज वाटावी असे शाळेने शिकविले, ते सरकारी टेबलावर आले, हेही काही थोडे नव्हे.

मराठी मंडळींत एक मत वारंवार ऐकू येते, की येथला अइरसा म्हणजे आपला अनारसा, तो भोसल्यांच्या लोकांनी आणला. दोहोंतही तांदूळ भिजवावयाचा, कुटावयाचा, गुळात मळून तळावयाचा, नावही जवळचे. तथापि असाच पदार्थ बिहारातही होतो, आणि तेथे काही सुभेदार नव्हते. जेथे भात आणि गूळ आहे तेथे असा पदार्थ सुचणारच. चिला हे आपले धिरडे, रखिया बडी म्हणजे कोहळ्याचे सांडगे, आणि पळसाच्या पानांत घालून निखाऱ्यावर भाजलेली अंगाकर पाहून वैदर्भीयास पानगा आठवेल. हे साम्य शेजाऱ्यांचे आहे, धन्याने दिलेले नव्हे. पोळ्याचेच पाहा. आपली श्रावणातली अमावास्या ती इकडे पूर्णिमान्त गणनेने भाद्रपदाची. दिवस तोच, बैल तसेच सजलेले. आपल्याकडे पुरणपोळी होते, इकडे बेसनाची ठेठरी आणि गूळ घातलेली गव्हाची खुरमी. दोनशे वर्षांच्या सत्तेनेही या दिवशीचे ताट बदलले नाही, आणि खरे सांगावयाचे तर त्याचे आम्हांस बरेच वाटते.

गोलबाजारात किंवा शास्त्री बाजारात भाजीला गेलेल्या नवख्या मराठी माणसाची प्रथम शब्दावरून गफलत होते. इकडे 'भाजी' म्हणजे फक्त पालेभाजी. बाकीचे सारे साग. आणि पाला तरी किती! लाल भाजी, चेच, करमत्ता, तिवऱ्याचे कोवळे शेंडे, आपल्या अंबाडीची बहीण अमारी. पावसाळ्याच्या तोंडाशी चरोटा येतो, म्हणजे आपला टाकळाच. कोचईची पाने म्हणजे अळू. पण त्याला बेसन न लावता वाटलेल्या उडदाचे सारण भरतात, उकडून त्याचे तुकडे करतात आणि आंबट कढीत सोडतात. यास इड्हर म्हणतात. अळूवडीच्या अभिमान्यांनी एकदा खाऊन पाहावे. आम्ही येथे निकाल देत नाही.

हे सारे घरोघरचे अन्न विकत मिळण्याची सोय रायपुरात फार उशिरा झाली. उपाहारगृहांत वर्षानुवर्षे समोसा, डोसा आणि पनीर. छत्तीसगडी पदार्थ तेवढा नाही. 26 जानेवारी 2016 रोजी महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात 'गढकलेवा' सुरू झाले आणि बचतगटाच्या स्त्रियांच्या हातचा फरा, चिला, उडदाचा बरा पानावर येऊ लागला. कलेवा म्हणजे न्याहारी. 1875 मध्ये राजनांदगावच्या महंत राजांनी स्थापिलेल्या संग्रहालयाच्या दारात, शिलालेख आणि ताम्रपटांच्या शेजारी, चुलीवरचा हा इतिहास आला, ही जागा मोठी समर्पक मिळाली.

नव्या रायपुरात भाताच्या खाचरांच्या मुलखात 2012 पासून मंत्रालय आहे. रुंद रस्ते, महानदी भवन, इंद्रावती भवन, आणि दुपारच्या सुट्टीत उघडणारे आमचे डबे: पोळी, बटाट्याची भाजी, लिंबाचे लोणचे. कमाविसदारांच्या शिदोरीत याहून फार निराळे काही असेल असे वाटत नाही. डबा सोडा असे आम्ही म्हणत नाही. पण आठवड्यातून एकदा बाजारातली पाल्याची एखादी जुडी, विकणारीलाच कृती विचारून, घरी न्यावी. सुरुवात बोहार भाजीने करता आली तर उत्तम. भोकराच्या कळ्या आणि कोवळी पाने यांची ही भाजी उन्हाळ्याच्या आरंभी थोडेच दिवस येते, आणि तिचा भाव ऐकून माणूस दचकतो. बदल्यांचे हुकूमही साधारण त्याच सुमारास निघतात. तेव्हा यंदाची यंदा खाऊन घ्यावी.